लातूरच्या घाण्यावरचं करडईचं तेल: रिव्ह्यू, आणि ते एवढं महाग का पडतं

आधी मुद्द्याचं सांगते. तेल अस्सल आहे, घ्या. लातूरला गंजगोलाईपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हा लाकडी घाणा आहे, बाहेर मोठी पाटी वगैरे काही नाही पण गल्लीत शिरलं की वासावरून कळतं. करडई, शेंगदाणा, तीळ आणि जवस एवढीच तेलं असतात, खोबऱ्याचं सांगितलं तर काढून देतात. घाणेवाल्या काकांना विचारलेलं नाही म्हणून नाव आणि नंबर इथं टाकत नाही, गोलाईत कुणालाही करडईचा घाणा कुठाय विचारलं तरी सांगतील. मी मुख्यतः करडईच्या तेलाबद्दल लिहिणार आहे कारण शेंगदाण्याचं घाण्याचं तेल आता पुण्यात गल्लोगल्ली मिळायला लागलंय, पण करडईचं विचारलं की बहुतेक दुकानदार "आता मालच येत नाही हो" म्हणून मोकळे होतात. आणि माल का येत नाही हे या घाण्यावर उभं राहिलं की बरोब्बर कळतं, म्हणून रिव्ह्यू जरा लांबणार आहे, ज्यांना फक्त चव आणि भाव हवाय त्यांनी पुढचे दोन-तीन पॅरा वाचले तरी चालेल.

चव. रंग सोनेरी पिवळा, शेंगदाण्याच्या तेलापेक्षा पातळ, वास हलका आणि थोडासा कच्च्या बियांसारखा, रिफाइंडची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस उग्र वाटेल मग नाही वाटत. हे तेल वरून कच्चं घ्यायचं असतं हे आमच्या मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर खळगा करून हे तेल, किंवा पिठल्यावर एक धार, किंवा नुसता कांदा फोडून तेल-तिखट-मीठ. फोडणीला छान. वांग्याच्या भाजीला तर फारच छान, तवंग वेगळाच येतो. तळणाला मात्र मी वापरत नाही आणि काका पण नको म्हणतात, रिफाइंड न केलेलं घाण्याचं करडई तेल फार तापवलं की लवकर धुरावतं, आणि एकदा तळून उरलेलं परत वापरायचं हे तर अजिबातच नको. पुऱ्या-भज्यांना शेंगदाण्याचं घ्या. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल जवळपास पाऊण भाग असतं म्हणून ते हवा-उजेडाने लवकर खवट होतं, त्यामुळे पाच लिटरचा डबा भरून ठेवू नका, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच न्या, आणि स्टीलच्या डब्यात अंधारात ठेवा, खिडकीत नाही.

समोर काढून देतात ही या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, बैलाच्या जागी आता मोटर आणि पट्टा, पण फिरतं हळूहळूच. एका घाणीला बारा-पंधरा किलो बी टाकतात, मधे मधे हाताने पाण्याचा शिपका देतात, कडेचं बी लाकडी पट्टीने आत ढकलत राहतात, आणि साधारण तासाभराने पेंड कडेला घट्ट बसायला लागते आणि तेल सुटतं. आधी गढूळ, चिखलासारखं दिसतं. ते लगेच देत नाहीत, तीन-चार दिवस पिंपात निवू देतात, गाळ खाली बसला की वरचं तेल कापडातून गाळून देतात. तुम्ही समोर काढलेलंच हवं म्हणून हट्ट केला तर देतील पण घरी जाऊन गाळ तुम्हालाच बसवावा लागेल. बाटलीच्या तळाशी थोडी गाद दिसली तर घाबरू नका.

भाव. मी शेवटचं आणलं तेव्हा करडईचं ३२० रुपये लिटर होतं आणि शेंगदाण्याचं ३४०. तेव्हाच कॉर्नरच्या किराणा दुकानात सोयाबीनची पिशवी १४५ ला होती आणि पामतेल त्याच्याही खाली. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. माझ्या बरोबर आलेल्या मैत्रिणीने हेच विचारलं, "काका एवढं महाग का हो, इथंच तर पिकतं ना?" काकांनी पाटीवर खडूने हिशोब करून दाखवला, तो इथं देते कारण मला तो आवडला. चार किलो करडईत एक लिटर तेल निघतं, कधी थोडं कमी. बी चांगलं घ्यायचं तर ७० रुपये किलो, म्हणजे २८० तिथंच गेले. पेंड उरते तिचे ६०-७० येतात. मग उरलेल्या शंभरभर रुपयात दोन माणसांची मजुरी, लाईटबिल, जागेचं भाडं, बाटली, आणि काकांचं घर. यात कुठं लुटायला जागा आहे सांगा. "ताई, मी महाग नाही, ते स्वस्त आहे" असं ते म्हणाले, आणि खरंच सगळा विषय तिथंच आहे. ते दुसरं तेल इतकं स्वस्त कसं?

तर आता त्याबद्दल. आपला देश वर्षाला साधारण १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं युक्रेन-रशियाकडून. नेहमीच असं होतं का तर नाही. १९८६ ला तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू झालं, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने (एनडीडीबी) 'धारा' खाद्यतेल बाजारात उतरवलं, आयातीवर सरकारचा ताबा होता, आणि १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आपण गरजेचं जवळजवळ सगळं तेल घरी पिकवत होतो. पीतक्रांती म्हणायचे त्याला, शाळेच्या पुस्तकात हरितक्रांती-धवलक्रांतीच्या खाली एक ओळ असायची. मग १९९४ ला पामोलीनची आयात खुली केली, कर ६५ टक्के. पुढच्या वर्षी बाकीची तेलं खुली आणि कर ३० टक्के. १९९८ पर्यंत १५ टक्के. चार वर्षांत ६५ वरून १५. एवढ्यात शेतकऱ्याने काय बदलायचं, बी बदलायचं की जमीन बदलायची?

इथं लोक एक गोष्ट हमखास बोलतात की डब्ल्यूटीओने आपले हात बांधले. हे अर्धंच खरंय आणि मला वाटतं हे नीट समजून घ्यायला पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेत जाताना प्रत्येक देशाने जास्तीत जास्त किती कर लावू हे लिहून दिलेलं आहे. भारताने पामतेलासाठी लिहून दिलेली मर्यादा ३०० टक्के आहे. तीनशे! सोयातेलाची मात्र फक्त ४५. म्हणजे सोयातेलाच्या बाबतीत हात खरंच आखडलेले आहेत, आणि स्वयंपाकघरात पाम आणि सोया एकमेकांच्या जागी चालतात त्यामुळे एकाला मोकळं सोडून दुसऱ्यावर फार कर लावताही येत नाही. पण पामवर जेवढी मोकळीक होती त्याच्या जवळपासही आपण बहुतेक वर्षं गेलो नाही. उलट २००८ ला महागाई भडकली तेव्हा कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, खाद्यतेलांवरचा कर सरळ शून्य केला आणि तो काही वर्षं शून्यच राहिला. त्याच काळात २०१० पासून इंडोनेशिया-मलेशिया ज्यात आहेत त्या आसियान देशांशी व्यापार करार लागू झाला. म्हणजे जिनिव्हात, डब्ल्यूटीओच्या मुख्यालयात, कुणी दाबलं म्हणून नाही, दिल्लीत भाववाढीची भीती वाटली म्हणून.

करडईचं काय झालं ते याच काळात झालं. काकांच्या वडलांच्या वेळी तीन घाणे होते, बैलांचे, आणि करडई लातूर-औशाच्या आसपासचीच यायची. आता एक घाणा आणि करडई परभणीकडून नाहीतर बिदरकडून मागवावी लागते. ऐंशीच्या दशकात देशात आठ-नऊ लाख हेक्टरवर करडई होती आणि तिच्यात महाराष्ट्र-कर्नाटकच पुढे होते, आज ती एक लाख हेक्टरच्याही आत आलीय. आणि हे पीक कसलं होतं बघा. रब्बीला, शाळूच्या पाटाबरोबर दोन-दोन ओळी करडईच्या, किंवा बांधाच्या कडेने काटेरी कुंपणासारखी, जनावर आत शिरत नाही. पाणी द्यायचं नाही. मूळ खोल जातं, काळ्या जमिनीत पावसाळ्याची जी ओल राहिली तिच्यावरच पीक येतं. कोवळी असताना पाल्याची भाजी, पक्व झाली की तेल, पेंड जनावराला, काड्या चुलीला. सोलापूरला तिच्यावर संशोधन केंद्र, भीमा नावाचं वाण, परभणी विद्यापीठाचं परभणी कुसुम, सगळं होतं आणि आहे. त्रास एकच, काटे. माझी आत्या अजून सांगते, काढणीला पहाटेच जायचं, दवाने काटे नरम असतात तोवर, आणि तरी हातापायाला पोत्याची फडकी गुंडाळून. दहा वाजले की थांबायचं. एवढी मेहनत करून बाजारात न्यायचं आणि तिथं भाव पाडायला जहाजाने आलेलं तेल उभं. कोण लावेल?

जिथं टँकर लागतात त्या जिल्ह्यात बिनपाण्याचं पीक गेलं आणि ऊस वाढला. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं हे सगळ्यांना आठवतंय. मी असं म्हणत नाही की पामतेल आलं म्हणून रेल्वे आली, मधे साखर कारखाने आहेत, पाण्याचं राजकारण आहे, शंभर गोष्टी आहेत. पण शाश्वत शेती करा, कमी पाण्याची पिकं घ्या असं शेतकऱ्याला भाषणात सांगायचं आणि त्याच कमी पाण्याच्या पिकाचा बाजार बंदरावर मोडून टाकायचा, हे दोन्ही एकाच सरकारी व्यवस्थेतून होतं याचा मला मनापासून राग येतो.

आता कुणी म्हणेल करडई गेली तर सोयाबीन आलं ना, लातूर तर सोयाबीनची राजधानी. आलं. पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के, बाकी पेंड, तीच डीओसी जी कोंबड्यांना जाते आणि बाहेर विकली जाते. म्हणजे सोयाबीनचा भाव खरा ठरतो तो पेंडीवर, आणि पेंडीचा ठरतो अर्जेंटिना-ब्राझील काय भावाने विकतायत त्यावर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजार ओलांडले होते, आमच्याकडे लोकांनी ट्रॅक्टरचे, लग्नाचे बेत केले. त्याच महिन्यात पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून सरकारने जीएम (जनुकं बदललेल्या) सोयापेंडीच्या १२ लाख टन आयातीला परवानगी दिली. जीएम सोयाबीन आपल्याकडे पेरायला परवानगी नाही, पण त्याची पेंड आणायला चालली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास. डिसेंबरात सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, पण बंद केले. ज्यांनी तो हंगाम घरात पाहिलाय त्यांना धोरण म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग २०२४ च्या सप्टेंबरात उलटं केलं, विधानसभा निवडणूक तोंडावर होती, कच्च्या तेलावरचा एकूण कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला आणि रिफाइंडवरचा पावणेचौदावरून पावणेछत्तीसवर. मला वाटलं आता तरी सोयाबीन उठेल. तेल महागलं, सोयाबीन नाही. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात ४,०००-४,४००. कारण तेच, पेंड. जगात पेंड मुबलक, वर आपल्याकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्या-तांदळाचा डीडीजीएस नावाचा चोथा निघायला लागला, तो पोल्ट्रीला पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. म्हणून नुसता कर वाढवा म्हणणाऱ्यांशी पण मी पूर्ण सहमत नाही, कर वाढवताना खरेदी केंद्रं वेळेवर उघडली नाहीत, ओलाव्याच्या नावाने माल परत पाठवला, तर वाढलेला पैसा शेतकऱ्यापर्यंत येतच नाही, मधेच जिरतो. आणि मग २०२५ च्या मे अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचा कर परत साडेसोळावर आणला. आठ महिन्यांत वर आणि खाली. शेतकऱ्याने कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवून बी घ्यायचं?

मे २०२५ च्या त्या निर्णयात एक भाग मला पटतो तो सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. कच्चं आणि रिफाइंड यांच्या करातला फरक सव्वाआठ टक्क्यांवरून सव्वाएकोणीसवर नेला. याचं कारण इंडोनेशिया कच्चं पामतेल बाहेर जाऊ देताना जास्त निर्यात कर लावतं आणि शुद्ध केलेल्यावर कमी, म्हणजे कारखाने त्यांच्याकडे राहावेत. त्यामुळे आपल्याकडच्या रिफायनऱ्या रिकाम्या पडायला लागल्या होत्या. आपला उद्योग जपायला इंडोनेशिया जे करतं त्यात चूक काहीच नाही, आपणही करावं, पण मग ते कारखान्यापुरतंच का, शेतापर्यंत का नाही येत? बंदरावरच्या रिफायनऱ्या म्हणजे काही लहान धंदा नाही, १९९९ मध्ये सिंगापूरच्या विल्मारने अदानींबरोबर भागीदारी केली आणि मुंद्र्याला जी रिफायनरी उभी राहिली ती याच खुल्या आयातीच्या जोरावर. पुण्याच्या पारख फूड्सचं जेमिनी तेल २००५ ला अमेरिकेच्या कारगिलकडे गेलं. परकी गुंतवणूक आली, ती आली बंदरात आणि ब्रँडमध्ये. लातूर-परभणीच्या करडईच्या वाणात, काटे नसलेली करडई गावोगाव पोचवण्यात, काढणीच्या यंत्रात ती आलेली मला तरी दिसली नाही. पैसा जिथं लवकर सुटतो तिथं जातो, त्याला कोरडवाहू शेताकडे वळवायचं काम धोरणाचं असतं.

आणि नेपाळचं ऐकलंय का? २०२४ ला कर वाढल्यावर काही महिन्यांत नेपाळमधून भारतात रिफाइंड सोयातेल धो धो यायला लागलं. नेपाळात एवढं सोयाबीन पिकतच नाही. बाहेरून कच्चं आणायचं, तिथं शुद्ध करायचं आणि दक्षिण आशियाई देशांच्या साफ्टा करारात शून्य कर आहे म्हणून सीमेवरून आत. गरीब शेजाऱ्याला मदत व्हावी म्हणून दिलेली सवलत आणि तिच्यातून वाट काढली व्यापाऱ्यांनी. नेपाळी शेतकऱ्यालाही यातून काही मिळालं नाही.

पामतेलाला शिव्या घालायच्या म्हणून हे लिहीत नाहीये. एका हेक्टरातून पाम तीन-चार टन तेल देतं, सोयाबीन अर्धा टनही देत नाही, हे खरंच आहे. सुमात्रा-बोर्निओत त्यासाठी जंगलं तोडली, पीट (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या दलदलीच्या) जमिनी जाळल्या हेही खरं. पण तिथल्या पामच्या बागांत जवळपास ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांच्या आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये युक्रेन युद्धानंतर तेल भडकलं तेव्हा इंडोनेशिया सरकारने स्वतःच्या लोकांना स्वस्त मिळावं म्हणून पामतेलाची निर्यातच बंद केली. आपल्याकडे पिशवी कडाडली, आणि तिकडं पामच्या घडांचा भाव कोसळला, शेतकरी जकार्तात रस्त्यावर उतरले. तीनेक आठवड्यांत बंदी उठवावी लागली. वाचताना मला लासलगावच आठवलं, कांद्यावर २०२३ च्या डिसेंबरात लावलेली निर्यातबंदी. दोन्हीकडे तेच, शहरातल्या ताटाचा भाव सांभाळायचा तर आधी शेताचा हात पिरगळायचा. औशाचा कोरडवाहू शेतकरी आणि इंडोनेशियातल्या रिआऊचा पामवाला एकमेकांचे शत्रू नाहीत.

गरिबाचं काय, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. आमच्या पुण्यातल्या घरी काम करणाऱ्या मावशी पावकिलोच्या हिशोबाने तेल आणतात, त्यांना मी ३२० चं तेल खा असं कुठल्या तोंडाने सांगू? स्वस्त आयातीमुळे अशा घरांच्या फोडणीत तेल आलं, हे नाकारायचं कारण नाही. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपण माणशी वर्षाला सहा-सात किलो तेल खायचो, आता नीती आयोगाच्याच अहवालात १९.७ किलो लिहिलंय, आयसीएमआर सांगते त्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि हे सगळं काही मावशींच्या पिशवीतून जात नाही, पाम मोठ्या प्रमाणात जातं फरसाण, बिस्किटं, हॉटेलच्या कढया, आईस्क्रीमसारख्या दिसणाऱ्या फ्रोझन डेझर्टमध्ये. कर कमी केला की कंपनीचा बिस्किटाचा पुडा स्वस्त झालेला मी तरी पाहिलेला नाही. रेशनवर गरजू घरांना तेल द्या, त्यातही सरकारने इथलं करडई-भुईमूग-जवस विकत घेऊन द्यावं, आणि बाकीच्या आयातीवरचा कर पेरणीच्या आधी जाहीर करून निदान तीन वर्षं हलवू नये, असं मला ठामपणे वाटतं. २०२४ च्या ऑक्टोबरात तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचं राष्ट्रीय मिशन आलंय, करडईचा हमीभाव पण २०२६-२७ च्या हंगामासाठी ६०० ने वाढवून ६,५४० केलाय. चांगलंय. पण हमीभाव कागदावर आणि करडईचं खरेदी केंद्र कुठंय असं विचारलं तर आमच्या गावात कुणाला सांगता येत नाही. त्यात २०२६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेबरोबर जे संयुक्त निवेदन निघालं त्यात कर कमी किंवा रद्द करायच्या मालात सोयातेल पण आहे आणि डीडीजीएस पण. म्हणजे तेलाची बाजू पण आणि पेंडीची बाजू पण. सोयाबीनवाल्यांनी हे नीट वाचून ठेवा, आणि तुमच्या आमदार-खासदाराला भेटाल तेव्हा कर्जमाफीच्या आधी हे विचारा.

काकांना मी विचारलं होतं की घाणा पुढं चालेल का. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, सुट्टीत येऊन ऑनलाइन ऑर्डरचं बघतो. काका म्हणाले, "गिऱ्हाईक हाय, तेल घ्यायला लोक येतेत. करडई आणायची कुठून ते सांगा." गिऱ्हाईक असताना माल नाही, हे मी पहिल्यांदाच एखाद्या दुकानात ऐकलं. त्यांनी औशाकडच्या काही शेतकऱ्यांना बी देऊन, बाजारापेक्षा जास्त भावाने परत घ्यायचं बोलून करडई लावायला सुरुवात केलीय, कागद नाही, शब्दावरच. एका वर्षी पाखरांनी खाल्लं, एका वर्षी मावा पडला. तरी चालू आहे. तुम्ही दिलेल्या ३२० मधले काही रुपये त्या शेतात जातात, हे मला ब्रँडच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं वाटतं.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर खोटं वाटेल. बाटल्यांचं झाकण चांगलं नाही, कुरिअरने मागवलं तर एखादी बाटली गळतेच, त्यांनी प्लॅस्टिक सोडून पत्र्याचे डबे करावेत, वीस-तीस रुपये जास्त द्यायला गिऱ्हाईक तयार आहे. काढल्याची तारीख पेनाने लिहितात, ती तेलाच्या हाताने पुसली जाते. ऑनलाइन पैसे दिले की पावती मागून घ्यावी लागते. आणि फोन दुपारी कुणी उचलत नाही, जेवून झोपतात, संध्याकाळी करा.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा झाकणाचा कापला.

नवी करडई होळीच्या आसपास यायला लागते, तेव्हाचं तेल सगळ्यात ताजं, पण आधी सांगून ठेवा नाहीतर पावसाळ्याच्या आत संपतं. स्वतःची करडई किंवा शेंगदाणे घेऊन गेलात तर मजुरी घेऊन काढून देतात, पेंड तुमची. आणि नुसती पेंड हवी असेल तर सकाळी लवकर जा, दुधवाले दहाच्या आत सगळी उचलून नेतात.